गाडीची थरथर

४ ऑक्टोबर, शनिवार

वही आणली ती गाडीसाठी. कुठला बोल्ट कुठून काढला हे लिहून ठेवलं नाही तर शेवटी दोन बोल्ट हातात उरतात आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. पण आज बोल्टपर्यंत पोचलोच नाही. आज नुसता धक्का.

गाडी गेले काही महिने सिग्नलला उभी असली की थरथरते. स्टिअरिंगवर हात ठेवला की मनगटापर्यंत जाणवतं. बावीस वर्षांची दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, या वयात थोडं चालायचंच, असं मी म्हणत होतो. आज बॉनेट उघडलं, बायकोला आत बसवलं आणि म्हटलं, चालू कर. इंजिन सुरू झालं आणि असं एका अंगाला कलंडलं की मी दोन पावलं मागे सरलो. इंजिन ज्या तीन रबरी पायांवर बसतं त्यांना माउंटिंग म्हणतात. उजव्या माउंटिंगचं रबर मधोमध फाटलंय, आतलं लोखंड दिसतंय. डाव्याला भेगा. मागचं तेल पिऊन फुगलंय. दोन माणसांच्या वजनाचं धूड फाटक्या चपला घालून उभं होतं आणि मी त्यात बसून ऐंशीच्या वेगानं जात होतो.

दुसरा धक्का बायकोनं दिला. मी शिडीवर चढलो तरी खालून ओरडणारी बाई. ती म्हणाली, “गॅरेजला कशाला देता? तुमचे हात आहेत की. तुम्हीच करा. सावकाश करा, महिना लागला तरी चालेल.”

“आणि लॅब?”

“लॅबमध्ये सकाळी बसा. दुपारी जेवलात की थेट गाडी. आवराआवर मी बघते.”

बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला मोकळी दुपार दिली असेल तर ती आजच.

५ ऑक्टोबर, रविवार

मेहुणा जॅक, चार स्टँड आणि पान्यांची पेटी घेऊन आला. बायकोचा धाकटा भाऊ. ॲम्ब्युलन्स चालवतो, त्यामुळे सगळ्या जगाकडे स्ट्रेचरच्या हिशेबानं बघतो. म्हणाला, “भावोजी, गाडीखाली शिरणार असाल तेव्हा आधी फोन करा. मी ड्यूटीवर राहतो.”

गाडी चढवली. बॅटरीची तार काढली. काम असं: इंजिनाखाली तेलाचा चेंबर असतो, त्याला लाकडाचा ठोकळा लावून जॅकनं इंजिनाचं वजन उचलून धरायचं, म्हणजे माउंटिंग मोकळं होतं. मग एक काढायचं, एक बसवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. तिन्ही एकदम सोडली तर इंजिन कुठं जाईल ते त्याचं त्याला ठाऊक.

मी मेहुण्याला म्हटलं, मी माणसाच्या तोंडात अर्ध्या केसाइतकी फट राहिली तर ती बोटानं सांगतो, तू मला बोल्ट शिकवू नकोस. तेहतीस वर्षं घरच्या लॅबमध्ये कवळ्या करतोय. दंतवैद्य साचा पाठवतात, त्यावर मेणात हिरड्या कोरायच्या, दात लावायचे, चावा जुळवायचा. तो हसला नाही. एरवी हसला असता.

८ ऑक्टोबर, बुधवार

एअर फिल्टरचा डबा काढला. पान्याची दहा नंबरची गोटी चार वेळा हातातून पडली, चौथ्यांदा खालच्या पत्र्यात अडकली ती तासभर निघेना. ग्रीस फार आहे. शिवाय पानाही गुळगुळीत झालाय. मेहुण्याची हत्यारं म्हणजे आनंदच.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. आमचं निम्मं काम त्यांच्या दवाखान्यातून येतं. म्हणाल्या, “हल्ली तुमच्या कवळ्यांना मला हातच लावावा लागत नाही. बसवली की बसली. आधी कुठेतरी घासावं लागायचंच.”

आनंद झाला, पण ‘आधी’ हा शब्द टोचला. आधी म्हणजे कधी? एप्रिलमध्ये त्या आजोबांची एक परत आली होती, ती तर मेणामुळे. मेणवाल्यानं माल बदलला होता. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.

फोन ठेवून वर आलो तर बायकोच्या भुवईला कवळ्यांची गुलाबी भुकटी. लॅब झाडत होते, म्हणाली. मी म्हटलं, तोंडाला फडकं बांधत जा, ते फुप्फुसात जातं. म्हणाली, बांधते हो. बांधते.

११ ऑक्टोबर, शनिवार

चिमी आली. मुलगी दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्याच्या सुट्टीत न सांगता आली. गाडीचं काम बघायला, म्हणे. पण गाडीकडे बघतच नव्हती.

“बाबा, चालताना तुमचा उजवा हात हलत का नाही?”

“गाडीखाली झोपून खांदा आखडलाय.”

“अंगठा आणि पहिलं बोट असं आपटून दाखवा. पटापट.”

दाखवलं. म्हटलं, हॉस्पिटलातले सगळे आजार घरी आणू नकोस. तिनं दुसऱ्या हाताचंही बघितलं. मग गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी सैनिकासारखा पाय आपटत जाऊन आलो. ती हसली, पण डोळे पुसले. तिच्या नवऱ्याशी काही बिनसलं असावं. स्वयंपाकघरात मायलेकी बराच वेळ बोलत होत्या, मी पाणी प्यायला गेलो तर दोघी गप्प. विचारायचं धाडस झालं नाही.

जाताना ही वही तिच्या हाती लागली. म्हणाली, “एवढं बारीक का लिहिता? मुंग्या चालल्यात नुसत्या.” म्हटलं, पानं वाचतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हात अजून थाऱ्यावर नाही. लिहितो, म्हणजे शांत वाटेल.

दुपारी एकटाच होतो. जॅकनं इंजिन दोन बोटं वर उचललं, उजव्या माउंटिंगचा वरचा बोल्ट सुटला, खालचा हलेना. म्हणून आणखी दोन बोटं उचललं. जुना पिवळ्या बल्बचा हातदिवा इंजिनाशेजारी टांगला, गाडीखाली शिरलो आणि टॉमीला, म्हणजे लोखंडी दांड्याला, जोर लावत होतो. छान चाललं होतं. मी गुणगुणतही होतो.

एवढ्यात वरून किंकाळी. बायको जिन्यावरून अक्षरशः कोसळत आली, तिनं आधी दिव्याची तार भिंतीतून उपटली आणि मग माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. साठीला आलेल्या बाईनं मला पोत्यासारखा ओढला.

“पेट्रोल! अहो, अख्ख्या घरात पेट्रोलचा वास सुटलाय, तुम्ही करताय काय?”

मी बघितलं. माझ्या डाव्या खांद्याखाली पेट्रोल साचलं होतं. शर्ट भिजला होता. मला वाटलं होतं घाम आहे. इंजिन फार उचललं गेलं म्हणून पेट्रोलचा रबरी पाइप ओढला जाऊन निसटला होता. आणि तापलेला बल्ब तिथून हातभर अंतरावर.

मला कसलाच वास आला नव्हता. मी शर्ट नाकाला लावून हुंगला. काही नाही. साध्या पाण्याइतकं काही नाही.

“सर्दी असेल,” मी म्हटलं.

“तुम्हाला सर्दी नाहीये.”

“मग ग्रीसनं नाक बसलं असेल.”

ती पायरीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. फडकं नव्हतं, पण बोटांना कसलंसं मेण होतं, ते गालाला लागलं. मी शेजारी उभा राहिलो. तिच्या डोक्यावर हात ठेवावा तर हाताला पेट्रोल. शेवटी बादली आणि वाळू आणायला गेलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मेहुणा समोर असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असा हुकूम झालाय. मान्य केला. चूक झाली ती झाली.

आज उजवं आणि डावं बसवलं. नवं माउंटिंग हातात घेतलं तर केवढं जड आणि टणक, चकचकीत काळं. जुनं शेजारी ठेवलं तर वाळलेल्या खारकेसारखं दिसत होतं. आधी बोल्ट हातानं दोन-तीन आटे फिरवून घ्यायचा, मग पाना. नाहीतर आटे चिरडतात. हे मला पाठ आहे. पण बोल्टचं टोक भोकाशी नेलं की ते भोकाभोवती नाचायचं. दहा मिनिटं. मेहुणा दिवा धरून उभा राहिला. मग म्हणाला, “द्या, मी बघू का?” त्यानं एका झटक्यात लावला.

जागा अडचणीची आहे. माझा पंजा मोठा.

१९ ऑक्टोबर, रविवार

मागचं बसलं. जॅक उतरवला, इंजिन तिन्ही पायांवर आलं, मग सगळे बोल्ट ठरलेल्या जोरावर आवळले. मी आवळले, त्यानं नंतर एकेक तपासला. सगळे बरोबर निघाले. मुद्दाम लिहितो, सगळे बरोबर निघाले. पेट्रोलचा पाइप त्यानं नवा टाकला आणि मला चार वेळा वास घ्यायला लावला. मी म्हटलं, नाही येत. हे खोटं नव्हतं, पण पाइप गळत नव्हता म्हणून येत नव्हता असं त्यानं समजावं अशी माझी इच्छा होती.

उद्या रस्त्यावर काढायची.

२० ऑक्टोबर, सोमवार

मी चालवली, मेहुणा शेजारी. वळणावर काय सुंदर वळली. पूर्वी गिअर टाकताना ठक्क व्हायचं ते गेलं. मी गाऊ लागलो. मग सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि स्टिअरिंग थरथरू लागलं.

तीच थरथर. तितकीच.

माझं डोकंच फिरलं. पंधरा दिवस, तीन माउंटिंग, पेट्रोलनं मरता मरता वाचलो, आणि तीच थरथर! मी मेहुण्याला म्हटलं, खोटा माल दिलाय दुकानदारानं. तो म्हणाला, “भावोजी, मला तर काहीच जाणवत नाही. लोण्यासारखी चाललीय.” मी म्हटलं, तुझी ॲम्ब्युलन्स इतकी खिळखिळी आहे की तुला काय जाणवणार? तो म्हणाला, बाजूला घ्या, मी बसतो.

जागा बदलल्या. त्यानं फेरी मारली. मी शेजारी बसून गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावर उजवा तळवा ठेवून होतो, नीट लक्ष लावून. “हे बघ,” मी म्हटलं, “इथं, गोळ्यात येतेय. दिसतंय का? हलतोय बघ.”

त्यानं गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. माझ्याकडे न बघता समोर काचेतून बघत राहिला.

मी म्हटलं, “अरे, बंद का केलीस? चालू असल्याशिवाय कसं कळेल?”

मग मला कळलं. इंजिन बंद होतं. गोळा अजून हलत होता.

मी हात उचलला. गोळा थांबला. हात थांबला नाही. मी तो मांडीवर ठेवला, मांडीवर हलला. डाव्या हातानं दाबून धरला, तेव्हा आत काहीतरी जिवंत आहे असं वाटलं. पक्षी धरला की वाटतं तसं.

मेहुण्यानं मला घरी आणलं. बायको दारातच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे. तरुण आहेत, टेबलावर एक कागद. त्यांनी एक वाक्य दहा वेळा लिहायला सांगितलं. पहिली ओळ माणसाची, दहावी मुंगीची. बोटं आपटायला सांगितली, व्हरांड्यात चालायला सांगितलं. चिमीनं हेच केलं होतं. मग तीन बरण्या हुंगायला दिल्या. मी तिन्हींना ‘पाणी’ म्हटलं. एकीत लवंग होती.

पार्किन्सन. त्यांनी हा शब्द अगदी साधेपणानं उच्चारला, रक्तगट सांगावा तसा. गोळ्यांनी फरक पडेल, बरीच वर्षं नीट जातात, व्यायाम सोडायचा नाही, गोळ्या लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. मी एकच विचारलं: “मेणात कोरायचं काम?”

“किती बारीक?”

मी सांगितलं. ते औषधं लिहीत राहिले. त्यांचं अक्षर माझ्याहून वाईट होतं, आणि ते पाहून मला हसू आलं. कारण नसताना. बायकोनं माझा हात धरला. थरथरणारा. तिनं बरोबर तोच निवडला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना फोन करून काम थांबवायला सांगायचं ठरवलं. पण हातातलं काम तरी द्यावं म्हणून लॅबमध्ये गेलो. फळीवर चार कवळ्या मेणात तयार होत्या. मी दुपारी गाडीखाली होतो, सकाळी त्या अर्ध्या केल्या होत्या. पूर्ण कधी केल्या ते आठवेना. वाटलं, विसरभोळेपणाही या आजारातच येत असेल.

मग एक उजेडात धरली. तेहतीस वर्षं मी सुरी उजवीकडून डावीकडे ओढतो. मेणात तिची रेघ राहते, बारीक, माझ्या सहीसारखी. या कवळीच्या हिरड्यांवर रेघा उलट्या होत्या. दुसरी घेतली. उलट्या. चारही.

माझी बायको डावखुरी आहे.

मी स्टुलावर बसलो. ती आत आली, कवळी माझ्या हातात बघितली आणि दार लावून घेतलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“एप्रिल.”

“एप्रिलपासून तू माझं काम करतेस?”

“सगळं नाही हो. आधी नुसतं शेवटचं. त्या आजोबांची परत आली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मेणवाल्याला शिव्या घालत होतात. तुम्ही झोपलात तेव्हा मी ती उघडून बघितली. दोन दाढा उंच होत्या. मी बसवल्या. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, छान झाली म्हणून, आणि तुम्ही एवढे खूश झालात की मला सांगवेना. मग पुढची आली.”

“तुला येतं कुठून हे?”

“बत्तीस वर्षं चहा घेऊन येतेय इथे. तुम्ही कप हातात घेईपर्यंत उभी असायचे. काय बघत असेन, असं वाटलं तुम्हाला?”

मला काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती उभी असते हेच मला माहीत नव्हतं.

“आणि गाडी? तुम्हीच करा, महिना लागला तरी चालेल?”

“गाडी खरंच थरथरत होती,” ती म्हणाली. “पण मला दुपार हवी होती. काम वाढलं होतं आणि तुम्ही लॅबमधून हलत नव्हता. मला काय माहीत तुम्ही पेट्रोलमध्ये लोळाल! त्या दिवसापासून मला झोप नाही. मीच तुम्हाला खाली पाठवलं होतं.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, मला शोभणारं नव्हतं. चोर हा शब्दही वापरला. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “झालं? आता ती खाली ठेवा. हातात वितळेल.”

२९ ऑक्टोबर, बुधवार

तिच्याशी बोललो नाही. दिवसभर तिच्या कवळ्या तपासल्या. लोखंडी जबड्यावर चढवून चावा बघितला, मध्ये कागद घालून ओढला. फट शोधत होतो. एकतरी सापडावी असं वाटत होतं.

सापडली नाही. डॉक्टरीणबाई ज्याला ‘हल्ली’ म्हणत होत्या ते हिचं होतं, आणि ‘आधी’ म्हणजे मी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. बायकोला बरोबर नेलं नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं, कीव करतील. त्या चिडल्या. “सहा महिने माझ्या पेशंटच्या तोंडात कुणाचं काम जातंय हे मला माहीत नव्हतं? तुम्हाला आजाराचं ठाऊक नव्हतं, ठीक. पण तुमच्या बायकोला तर होतं!”

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं.” एप्रिलनंतरच्या सगळ्या पेशंटना परत बोलावून तपासणार म्हणाल्या. तोवर काम बंद.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी ठेवली, म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. मला जमलं नसतं.” मग आम्ही चोर शब्दाबद्दल बोललो. मी माफी मागितली. तिनं लगेच दिली नाही, जेवणं झाल्यावर दिली.

१० नोव्हेंबर, सोमवार

गोळ्यांनी हात बराच शांत आहे. कोरण्याइतका नाही.

डॉक्टरीणबाईंचा माणूस डबा घेऊन आला. वर चिठ्ठी: ‘तपासल्या. तक्रार नाही. हे काम तुमच्या बायकोनं करावं, तुम्ही शेजारी बसून. कोणी काय केलं ते कागदावर लिहून द्यावं.’ आत साचा. खालच्या जबड्याचं हाड जवळपास संपलेलं. इतकं अवघड काम मी आयुष्यात सात-आठ वेळा केलंय. बसस्थानकावर तीस वर्षं घोषणा करणाऱ्या निवृत्त बाईंचं आहे. सध्याच्या कवळीतून ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलंय.

चार दिवस भांडणार आम्ही, हे नक्की.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भांडलो. मी हात खिशात घालून बसायचो आणि तोंडानं कोरायचो. “थोडं आत. नाही, तेवढं नाही. अगं, सुळा फिरवलास!” तिनं दोनदा मला बाहेर काढलं. एकदा मी खिडकीतून सूचना दिल्या.

आज दोघं दवाखान्यात गेलो. पेशंटच्या खोलीत मी पहिल्यांदाच. घोषणावाल्या बाई बारीक चणीच्या, रुमाल तोंडावर धरून बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, चावायला लावलं, दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं. बायको भिंतीला चिकटून उभी होती, श्वास घेत होती की नाही कोण जाणे.

“काहीतरी बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “स येईल असं.”

बाईंनी रुमाल खाली घेतला. खुर्चीत ताठ बसल्या. आणि मग त्या एवढ्याशा देहातून असा खणखणीत आवाज निघाला की बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले: “सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. सात नंबरच्या फलाटावरून सुटणारी सव्वासहाची बस सज्ज आहे. सामान सांभाळावं. सावकाश बसावं.”

एकही शिट्टी नाही.

त्यांचे स्वतःचेच डोळे विस्फारले होते. तो आवाज आपला आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी आरशात बघितलं, पुन्हा एकदा “सावकाश” म्हणून बघितलं, आणि मला विचारलं, “तुम्ही केलीत?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या बायकोनं.”

बायको घाईघाईनं म्हणाली, “यांनी सांगितलं तसं तसं केलं हो फक्त.”

खोटं बोलली. शेवटच्या दोन दाढांच्या वेळी मी आत घे, आत घे म्हणून बसलो होतो, तिनं ऐकलं नव्हतं. मी तिथेच सगळ्यांसमोर ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला, मी त्यावर तसंच लिहिलंही: दाढा तिच्या मतानं लावल्या, आणि तिचं बरोबर होतं.